होडीला मोटर लावणारा कारागीर

तुमच्यापैकी काही जण खाडीच्या किंवा समुद्राच्या काठी राहत असतील. लहान होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवलेले एक यंत्र त्यांनी नक्की पाहिले असेल. वर इंजिन असते, खाली पाण्यात पंखा असतो. होडीच्या बाहेर असते म्हणून त्याला आउटबोर्ड मोटर म्हणतात.

अमेरिकेत अशा जुन्या मोटरी जमवणारे हौशी लोक आहेत. अडगळीत पडलेली, रंग उडालेली मोटर ते घरी आणतात, उघडतात, साफ करतात आणि नव्याने रंगवतात. वरचा मळ आणि जुना रंग निघाला की अनेक मोटरींवर एकच नाव दिसू लागते : एव्हिनरूड. हे एका माणसाचे नाव आहे.

ओले एव्हिनरूड यांचा जन्म १८७७ साली नॉर्वे देशात झाला. ते पाच वर्षांचे असताना त्यांचे आईवडील अमेरिकेला गेले आणि विस्कॉन्सिन राज्यात शेती करू लागले. ओले यांचे शालेय शिक्षण फार थोडे झाले. शेतीत त्यांचे मन नव्हते. घराजवळच्या तळ्यात चालवायला त्यांनी एक होडी बांधली, पण वडिलांना ते आवडले नाही आणि त्यांनी ती फोडून टाकली, असे सांगतात. मुलाने पुन्हा दुसरी बांधली! सोळाव्या वर्षी ते घर सोडून मॅडिसन शहरात गेले. दिवसा यंत्रांच्या दुकानात काम करायचे आणि रात्री गणित व यंत्रशास्त्राची पुस्तके वाचायची, असा त्यांचा क्रम होता. पुढे वेगवेगळ्या शहरांतल्या कारखान्यांत काम करून ते मिलवॉकीला स्थिर झाले. तेथे त्यांनी इंजिने बनवायला सुरुवात केली.

आता एक प्रसिद्ध गोष्ट ऐका. १९०६ च्या सुमारास ओले आणि बेस केरी ही तरुणी मित्रांबरोबर एका तळ्यावर सहलीला गेली होती. दिवस कडक उन्हाचा होता. बेस यांना आइस्क्रीम हवे होते आणि दुकान होते पलीकडच्या काठावर. ओले वल्ही मारीत गेले. परत येईपर्यंत आइस्क्रीम वितळून गेले. हातांना फोड आणणाऱ्या त्या फेरीत त्यांना होडीच्या मोटरीची कल्पना सुचली, असे म्हणतात. गोष्ट गोड आहे. पण नुसत्या आइस्क्रीमने मोटर तयार होत नाही. त्याआधी कितीतरी वर्षे या माणसाचे हात इंजिनात काळे झाले होते, हेही ध्यानात ठेवा.

होडीला बाहेरून मोटर लावणारे ते पहिले नव्हते. त्यांच्या आधीही काहींनी अशा मोटरी विकल्या होत्या. एव्हिनरूड यांचे कौशल्य होते भागांच्या मांडणीत. त्यांनी सिलिंडर आडवा ठेवला आणि दांडा उभा. दांड्याच्या वरच्या टोकाला जड चाक बसवले. ते हाताने फिरवून इंजिन सुरू करायचे. खालचे टोक पाण्यात जाई आणि तेथे दोन दातेरी चाके उभी गती आडवी करून पंखा फिरवीत. आजच्या मोटरीतही उभा दांडा आणि खालची दातेरी चाके आहेतच. पहिली मोटर पाहून बेस यांना मात्र ती कॉफी दळायच्या यंत्रासारखी वाटली होती.

१९०९ साली मोटर बाजारात आली. तिची ताकद दीड अश्वशक्ती, वजन ६२ पौंड, म्हणजे सुमारे २८ किलो, आणि किंमतही ६२ डॉलर होती. ओले कारखान्यात रमत. हिशेब, पत्रव्यवहार आणि जाहिराती बेस पाहत. लोकांनी वल्ही टाकून द्यावीत असे सांगणारी जाहिरात त्यांनीच लिहिली. मागणी इतकी वाढली की परदेशांतले कोळीही या मोटरी घेऊ लागले. बेस यांचे नाव मोटरीवर कधी आले नाही. पण त्यांच्यावाचून हा धंदा उभा राहिला नसता, असे मला वाटते.

कामाच्या या ओझ्याने बेस यांची प्रकृती ढासळली. तेव्हा ओले यांनी काय केले? १९१४ साली आपला हिस्सा भागीदाराला विकला आणि पाच वर्षे हा व्यवसाय करणार नाही असे लिहून दिले. स्वतःचे नाव असलेला भरभराटीचा कारखाना त्यांनी सोडला आणि पत्नी व लहान मुलाला घेऊन ते प्रवासाला निघाले.

हात मात्र स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी दोन सिलिंडरांची नवी मोटर आखली. तिच्यात ॲल्युमिनियम भरपूर वापरल्यामुळे ताकद दुप्पट होऊनही तिचे वजन ४८ पौंडच भरले. जुन्या भागीदाराने ती नाकारली. मग मुदत संपल्यावर पतिपत्नींनी एल्टो नावाची नवी कंपनी काढली आणि आपल्याच जुन्या नावाशी स्पर्धा केली! १९२९ साली दोन्ही कंपन्या एकत्र आल्या. १९३३ मध्ये बेस वारल्या आणि पुढच्याच वर्षी, १९३४ मध्ये, ओलेही गेले. त्यांच्या नावाच्या मोटरी मात्र २०२० पर्यंत बनत होत्या.

नव्या मोटरी आता बनत नाहीत, म्हणून हौशी लोक जुन्यांना जास्तच जपतात. हे ॲल्युमिनियम हलके खरे, पण रंगाऱ्याची परीक्षा पाहणारे आहे. घासून चकचकीत केले तरी हवा लागताच त्यावर पातळ थर धरतो आणि साधा रंग पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणून आधी तेलकटपणा धुतात, मग ओल्या काचकागदाने घासतात. जुन्या रंगात शिसे असू शकते. कोरडे घासले तर त्याची धूळ नाकात जाते. त्यानंतर वेळ न दवडता ॲल्युमिनियमसाठीच मिळणारे अस्तर देतात. वर रंगाचे पातळ हात मारतात. एक वाळला की दुसरा. घाईने जाड हात दिला की ओघळ आलेच. नावाची पाटी सुरुवातीलाच काढून जपून ठेवलेली असते. ती सर्वांत शेवटी बसवतात.

मग मोटर पाण्याने भरलेल्या पिंपावर लावतात, कारण पाण्याशिवाय चालवली तर ती तापून बिघडते. चाक फिरवतात. पहिल्या एकदोन वेळा ती बहुधा नुसती खोकते.