वॉल्टर जॉन्सन

वॉल्टर पेरी जॉन्सन (६ नोव्हेंबर, १८८७ – १० डिसेंबर, १९४६) हे अमेरिकन बेसबॉलपटू व संघ-व्यवस्थापक होते. १९०७ ते १९२७ अशी सलग २१ वर्षे ते वॉशिंग्टन सेनेटर्स या एकाच संघाचे पिचर, म्हणजे बॅटरकडे चेंडू फेकणारे खेळाडू, होते. त्यांच्या नावावर ४१७ विजय असून हा आकडा साय यंग यांच्या ५११ विजयांनंतर सर्वाधिक आहे. प्रतिस्पर्ध्यास एकही धाव न देता पूर्ण केलेल्या ११० सामन्यांचा त्यांचा विक्रम आजही अबाधित आहे. चेंडूच्या वेगामुळे ते ‘बिग ट्रेन’ या टोपणनावाने ओळखले जात.

== प्रारंभिक जीवन ==

जॉन्सन यांचा जन्म कॅन्सस राज्यातील हम्बोल्ट गावाजवळच्या एका शेतावर झाला. सहा भावंडांत ते दुसरे होते. विसाव्या शतकाच्या आरंभी कुटुंब कॅलिफोर्नियातील ओलिंडा या तेलविहिरींच्या वसाहतीत स्थायिक झाले आणि वॉल्टर यांचे शिक्षण फुलर्टन येथील शाळेत झाले. शाळेच्या संघाकडून खेळताना १५ डावांच्या एका सामन्यात त्यांनी २७ बॅटर बाद केल्याची नोंद आहे. पुढे आयडाहो राज्यातील वीझर येथे ते दूरध्वनी कंपनीत काम करीत व स्थानिक संघाकडून खेळत. तेथील त्यांच्या कामगिरीची वार्ता वॉशिंग्टनपर्यंत पोहोचली. संघाचे कॅचर क्लिफ ब्लँकेनशिप दुखापतीमुळे खेळू शकत नव्हते. त्यांनाच या तरुणाला पाहण्यासाठी पश्चिमेकडे पाठविण्यात आले व १९०७ च्या उन्हाळ्यात करार झाला.

== खेळाडू म्हणून कारकीर्द ==

२ ऑगस्ट, १९०७ रोजी डेट्रॉइट टायगर्सविरुद्ध जॉन्सन यांनी पदार्पण केले. तो सामना ३-२ असा गमवावा लागला. टाय कॉब व त्यांच्या सहकाऱ्यांनी या वेगापुढे बॅट जोराने फिरवण्याऐवजी चेंडू हलकेच पुढ्यात ढकलून धावण्याचा मार्ग पत्करला. पुढील वर्षी सप्टेंबरमध्ये जॉन्सन यांनी न्यूयॉर्कच्या संघाला चार दिवसांत तीन वेळा निर्धाव रोखले. मधला दिवस रविवार असल्याने त्या दिवशी सामना नव्हता.

त्यांची शैली दिसण्यास सोपी होती. हात खांद्यावरून न आणता बाजूने फिरवून ते चेंडू सोडत आणि कारकिर्दीचा बराच काळ केवळ वेगवान चेंडूवरच विसंबून राहिले. रेमिंग्टन या शस्त्रनिर्मात्या कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यांच्या चेंडूचा वेग सेकंदाला १२२ फूट, म्हणजे ताशी सुमारे १३४ किलोमीटर, मोजला गेला. बंदुकीच्या गोळीसाठी बनविलेल्या त्या यंत्रणेतून चेंडू नेमका नेण्यासाठी त्यांना फेक जुळवून घ्यावी लागली असल्याने हा आकडा कमीच मानला जातो. आपला चेंडू एखाद्या बॅटरच्या डोक्याला लागेल या भीतीने ते चिंतित असत. कॉब यांनी हे हेरले होते आणि ते मुद्दाम प्लेटला चिकटून उभे राहत. तरीही जॉन्सन यांचे चेंडू २०५ वेळा बॅटरना लागले, हे विशेष.

१९१३ हा त्यांचा सर्वोत्तम मोसम होय. त्या वर्षी त्यांनी ३६ सामने जिंकले, केवळ ७ हरले, आणि सलग ५५ २/३ डाव एकही धाव दिली नाही. हा विक्रम १९६८ मध्ये डॉन ड्रायसडेल यांनी मोडला. ३,००० बॅटर ‘स्ट्राइकआउट’ करणारे जॉन्सन हे पहिले पिचर होत. त्यांची एकूण संख्या ३,५०९ असून ती १९८३ पर्यंत कोणीही ओलांडली नाही.

संघ मात्र दुबळा होता. १९०९ मध्ये वॉशिंग्टनने ११० सामने गमावले व त्यांतील २५ पराभव जॉन्सन यांच्या नावे लागले. ०-१ अशा फरकाने ते २६ वेळा हरले. १ जुलै, १९२० रोजी बॉस्टनविरुद्ध त्यांनी एकही ‘हिट’ न देता १-० असा विजय मिळवला. त्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याचा एकच खेळाडू बेसवर पोहोचला, तोही दुसऱ्या बेसवरील बकी हॅरिस यांच्या हातून चेंडू निसटल्यामुळे. तो झेलला गेला असता तर सामना ‘परफेक्ट’ ठरला असता. हेच हॅरिस १९२४ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, संघाचे खेळाडू-व्यवस्थापक झाले.

=== १९२४ ची वर्ल्ड सिरीज ===

कारकिर्दीच्या १८ व्या वर्षी जॉन्सन यांना प्रथमच वर्ल्ड सिरीज खेळावयास मिळाली. न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध पहिला व पाचवा असे दोन्ही सामने ते हरले. १० ऑक्टोबर रोजी झालेल्या सातव्या सामन्यात हॅरिस यांनी उजव्या हाताच्या कर्ली ऑग्डन यांना प्रारंभी उतरवले आणि दोनच बॅटरनंतर डावखुऱ्या जॉर्ज मॉग्रिज यांना आणले. जायंट्सचे व्यवस्थापक जॉन मॅकग्रॉ यांनी ऑग्डन यांना पाहून आपली फळी ठरवली होती. ती या खेळीने अडचणीत आली. नवव्या डावात ३-३ अशी बरोबरी असताना जॉन्सन मैदानात आले व चार डाव त्यांनी एकही धाव होऊ दिली नाही. बाराव्या डावात जायंट्सचे कॅचर हँक गाउडी यांचा पाय स्वतःच्याच मुखवट्यात अडकून सोपा झेल सुटला. त्यानंतर अर्ल मॅक्नीली यांचा जमिनीवरून जाणारा चेंडू तिसऱ्या बेसवरील फ्रेडी लिंडस्ट्रॉम यांच्या डोक्यावरून उसळला आणि वॉशिंग्टनने ४-३ असे विजेतेपद मिळवले.

=== १९२५ चा सातवा सामना ===

पुढील वर्षी पिट्सबर्ग पायरेट्सविरुद्ध जॉन्सन यांनी पहिला सामना ४-१ व चौथा ४-० असा जिंकला. मात्र चौथ्या सामन्यात धावताना त्यांच्या पायाचा स्नायू दुखावला. वॉशिंग्टनची ३-१ अशी आघाडी पायरेट्सने भरून काढली आणि पावसामुळे एक दिवस पुढे ढकललेला निर्णायक सामना १५ ऑक्टोबर रोजी फोर्ब्स फील्डवर, पुन्हा पावसातच, चिखल व धुक्यात खेळला गेला.

बेसबॉलमध्ये एकदा बदललेला पिचर त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. गोलंदाजाला एका टोकाकडून विश्रांती देऊन पुन्हा बोलावण्याची क्रिकेटमधील सोय येथे नाही. त्यामुळे थकलेल्या पिचरला कधी हटवावे हा व्यवस्थापकापुढील कठीण प्रश्न असतो व प्रेक्षकांच्या वादाचा हा आवडता विषय आहे. पहिल्याच डावात वॉशिंग्टनने ४ धावा केल्या, पण पायरेट्स हळूहळू जवळ येत गेले. त्यांचे व्यवस्थापक बिल मॅकेक्नी यांनी चार पिचर वापरले; हॅरिस यांनी एकच. मदतीला येणारे त्या काळातील अव्वल पिचर ‘फर्पो’ मार्बेरी, जे त्या मोसमातील ५५ सामन्यांत केवळ बदली म्हणूनच खेळले होते, शेवटपर्यंत बसून राहिले.

या कथेची दुसरी बाजू शॉर्टस्टॉप रॉजर पेकिनपॉ यांची आहे. त्याच वर्षी अमेरिकन लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या पेकिनपॉ यांच्या हातून सातव्या डावात एक उंच झेल सुटला व त्यातून बरोबरी झाली. आठव्या डावात त्यांनीच होम रन मारून संघाला ७-६ असे पुढे नेले. त्याच डावात पायरेट्सचे दोन खेळाडू बाद झाल्यावर दोन ‘डबल’ फटक्यांनी पुन्हा बरोबरी झाली. नंतर मॅक्स केरी यांचा साधा चेंडू पेकिनपॉ यांनी अडवला, पण दुसऱ्या बेसकडील त्यांची फेक चुकली. डाव तेथेच संपावयास हवा होता. पुढचे बॅटर काइकाइ कायलर यांच्या फटक्यावर दोन धावा आल्या व पिट्सबर्गने सामना ९-७ असा जिंकला. पेकिनपॉ यांच्या त्या मालिकेतील ८ चुका हा आजही विक्रम आहे.

अमेरिकन लीगचे अध्यक्ष बॅन जॉन्सन (हे वॉल्टर यांचे नातेवाईक नव्हेत) यांनी तारेने हॅरिस यांना दोष दिला: भावनेच्या आहारी जाऊन त्यांनी वृद्ध पिचरला मैदानात ठेवले, असा त्यांचा आक्षेप होता. भावनेपोटी नव्हे तर सर्वांत भरवशाचा पिचर म्हणून आपण जॉन्सन यांना ठेवले, अशी हॅरिस यांची भूमिका होती. आकडे दोन्ही पक्षांना आधार देतात. जॉन्सन यांना १५ हिट बसले, यावरून ते थकले होते हे उघड होते. उलट ९ धावांपैकी ४ धावा क्षेत्ररक्षणातील चुकांमुळे आल्या, म्हणजे हाती आलेले चेंडू झेलले असते तर सामना वॉशिंग्टनचाच होता. एवढे मात्र म्हणता येईल की आठव्या डावातील ते दोन डबल पेकिनपॉ यांच्या खाती टाकता येत नाहीत. तेथे मार्बेरी यांना बोलावण्याची वेळ झाली होती. स्वतः जॉन्सन यांनी सहकाऱ्यांना किंवा व्यवस्थापकाला दोष दिल्याची नोंद नाही.

== निवृत्ती व व्यवस्थापन ==

१९२७ च्या सरावात सहकारी जो जज यांचा जोरदार फटका लागून जॉन्सन यांचा पाय मोडला. त्याच मोसमाअखेर ते निवृत्त झाले. न्यूअर्क येथे एक वर्ष काढल्यावर १९२९ ते १९३२ ते सेनेटर्सचे व १९३३ ते १९३५ क्लीव्हलँड इंडियन्सचे व्यवस्थापक होते. आता निर्णयांवरील टीका त्यांच्याच वाट्याला आली. तिसऱ्या बेसवरील नावाजलेले क्षेत्ररक्षक विली कॅम व कॅचर ग्लेन मायट यांना १९३५ मध्ये संघाबाहेर केल्यावर क्लीव्हलँडच्या प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली आणि ऑगस्टमध्ये त्यांनी पद सोडले. व्यवस्थापक म्हणून त्यांचे ५२९ विजय व ४३२ पराभव आहेत.

== वैयक्तिक जीवन व सन्मान ==

१९१४ मध्ये नेव्हाडाचे काँग्रेस सदस्य एडविन रॉबर्ट्स यांची कन्या हेझल यांच्याशी जॉन्सन यांचा विवाह झाला. १९३० मध्ये हेझल यांचे निधन झाले. जॉन्सन यांनी पुनर्विवाह केला नाही. १९३६ मध्ये बेसबॉल हॉल ऑफ फेमसाठी निवडलेल्या पहिल्या पाच खेळाडूंत कॉब, बेब रूथ, होनस वॅगनर व क्रिस्टी मॅथ्यूसन यांच्यासह त्यांचा समावेश होता. १९३८ मध्ये ते मेरीलँडमधील माँटगोमेरी काउंटीचे आयुक्त म्हणून निवडून आले. १९४० मधील काँग्रेसची निवडणूक ते रिपब्लिकन पक्षातर्फे लढले व हरले.

मेंदूतील गाठीच्या विकाराने १० डिसेंबर, १९४६ रोजी वॉशिंग्टन येथे त्यांचे निधन झाले. मेरीलँडमधील रॉकव्हिल येथे त्यांचे दफन करण्यात आले. बेथेस्डा येथील एका शाळेला त्यांचे नाव देण्यात आले आहे.