नऊ बिंदूंच्या वर्तुळाचा धनी

आकृतीत शिरोबिंदूपासून समोरच्या बाजूवर एक रेघ आली की निम्मा वर्ग तिला कोनदुभाजक म्हणतो आणि उरलेला मध्यगा! मित्रांनो, नुसत्या रेघेकडे बघून काही ठरत नाही. बाजूच्या दोन्ही तुकड्यांवर सारख्या खुणा असतील तर तो मध्यबिंदू आणि रेघ मध्यगा. दोन्ही कोनांत सारखे कंस असतील तर कोनदुभाजक. काटकोनाची खूण असेल तर शिरोलंब. समद्विभुज त्रिकोणात पायावर येणाऱ्या या तिन्ही रेघा एकच होतात, तिथेच फसगत होते. विषमभुज काढा, तिघी लगेच वेगळ्या! या तिघींचं एक विलक्षण नातं शोधणाऱ्या माणसाची ही गोष्ट.

कार्ल विल्हेल्म फॉयरबाख. जन्म ३० मे १८००, जर्मनीतल्या येना गावी. घराणं मोठं. वडील नामवंत कायदेपंडित, बव्हेरियाची १८१३ ची दंडसंहिता त्यांनीच लिहिली. धाकटा भाऊ लुडविग पुढे तत्त्वज्ञ म्हणून गाजला. कार्ल मात्र गणितात रमला. बाविसाव्या वर्षी डॉक्टरेट, एर्लांगेनच्या शाळेत शिक्षकाची नोकरी आणि त्याच वर्षी, १८२२ मध्ये, त्रिकोणाच्या खास बिंदूंवर एक छोटंसं पुस्तक.

त्या पुस्तकात काय होतं? त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंचे मध्यबिंदू घ्या आणि तिन्ही शिरोलंबांचे पाय घ्या. हे सहाही बिंदू एकाच वर्तुळावर येतात. शिरोबिंदू ते लंबसंपात या तीन रेषाखंडांचे मध्यबिंदूही त्याच वर्तुळावर असतात. असे झाले नऊ. हे नऊ बिंदू फ्रान्सच्या ब्रियांशाँ आणि पाँसले यांनी थोडं आधीच दाखवले होते. फॉयरबाखची कमाल पुढची. कोनदुभाजक जिथे मिळतात तिथे अंतर्वर्तुळाचा मध्य असतो. हे अंतर्वर्तुळ आणि तिन्ही बाह्यवर्तुळं, अशा चारही वर्तुळांना ते मध्यबिंदूंचं वर्तुळ नेमकं स्पर्श करतं! आणि हे त्याने सुंदर आकृतीने नव्हे, तर केंद्रांमधली अंतरं आणि त्रिज्या यांचा सरळ हिशोब मांडून सिद्ध केलं.

इतकं सगळं बाविसाव्या वर्षी. आणि मग १८२४ उजाडलं. राजकीय चळवळीच्या संशयावरून त्याला आणि आणखी एकोणीस तरुणांना अटक झाली, रवानगी म्युनिकच्या तुरुंगात. एकांतात त्याच्या मनाने घेतलं, की आपण मेलो तरच बाकीचे सुटतील. दोनदा त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला. तो वाचला, पण पायाने कायमचा अधू झाला. एक सोबती तर तुरुंगातच वारला. अखेर खटल्यात सगळे निर्दोष ठरले. मग हा एवढा छळ कशासाठी?

बाहेर आल्यावर तो पुन्हा शिकवू लागला. १८२७ मध्ये त्रिकोणी सूचीवर दुसरं पुस्तकही काढलं. पण मन सावरलं नव्हतं. सांगतात, की एकदा तो नागवी तलवार घेऊन वर्गात आला आणि फळ्यावरचं समीकरण न सोडवणाऱ्याचं डोकं उडवीन म्हणाला. ऐकायला किस्सा वाटतो, पण हसू येत नाही. १८२८ मध्ये नोकरी संपली. पुढची सहा वर्षं तो एर्लांगेनमध्येच लोकांपासून दूर राहिला आणि १२ मार्च १८३४ रोजी गेला. वय अवघं तेहेतीस.

त्या वर्तुळाला नवबिंदू हे नाव तेर्केमने १८४२ मध्ये दिलं. जर्मनीत मात्र ते आजही फॉयरबाखचंच वर्तुळ आहे.

आज रात्री कंपास घ्या, एक विषमभुज त्रिकोण काढा आणि तो स्पर्श स्वतः बघा. आणि हो, शेजारच्या रूममधला हुशार मुलगा चार दिवस मेसला दिसला नसेल, तर आधी त्याचं दार वाजवा. त्रिकोण नंतर काढला तरी चालेल.