विश्लेषण : चीन सीमेचा धोका तीन वर्षे आधी सांगणारे जनरल थोरात

लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात मूळचे कोल्हापूरजवळच्या वडगावचे. जन्म १९०६, शिक्षण इंग्लंडच्या सँडहर्स्ट लष्करी महाविद्यालयात. १९४५ मध्ये ब्रह्मदेशातील कांगावच्या लढाईत एकाच ब्रिगेडच्या तीन पलटणींचे नेतृत्व थोरात, थिमय्या आणि एल. पी. सेन या तीन भारतीयांकडे होते. पुढे चीन सीमेच्या इतिहासात हीच तीन नावे पुन्हा एकत्र येतात.

सीमेचा वाद काय होता?

१९१४ च्या सिमला परिषदेत ब्रिटिश आणि तिबेटी प्रतिनिधींनी भूतानपासून ब्रह्मदेशापर्यंतची मॅकमहोन रेषा ठरवली. चीनने ती कधीच मान्य केली नाही. शिवाय ती नकाशावर जाड रेघेने काढलेली. प्रत्यक्ष डोंगरात खुणा नव्हत्याच. थागला परिसरात तर नकाशावरची रेघ एकीकडे आणि पाणलोटाचा कडा दुसरीकडे, अशी स्थिती होती. ऑगस्ट १९५९ मध्ये लोंगजू येथे चकमक झाली आणि नेफाचे (आजचा अरुणाचल प्रदेश) संरक्षण लष्कराकडे आले. पूर्व विभागाचे प्रमुख होते थोरात, लष्करप्रमुख थिमय्या.

थोरातांनी काय सुचवले?

ऑक्टोबर १९५९ मध्ये त्यांनी आपली योजना टिपणातून मांडली. मोटारीचे रस्ते जवळपास नव्हते. सैनिकांची रसद खेचरे, हमाल आणि विमानांवर अवलंबून. अशा मुलखात प्रत्यक्ष रेषेवर लढणे म्हणजे आपल्याच सैन्याची उपासमार, हे त्यांनी ओळखले. म्हणून रेषेजवळ फक्त टेहळणीच्या छोट्या चौक्या ठेवायच्या आणि खरी लढाई मागे, बोमदिला, झिरो अशा ठिकाणी द्यायची. तिथवर येताना शत्रूची रसद लांबते, आपली जवळ येते. मार्च १९६० मध्ये लखनौला ‘लाल किला’ या युद्धसरावात ही योजना तपासण्यात आली. चिनी फौजा कशा घुसतील याचे त्यातले चित्र पुढे बरेचसे खरे ठरले.

थिमय्यांनी टिपण उचलून धरले. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना चीनचा धोका अतिरंजित वाटला. थिमय्यांनी लष्करप्रमुखपदासाठी थोरातांचे नाव सुचवले होते. नेमणूक थापर यांची झाली. मे १९६१ मध्ये थोरात निवृत्त झाले आणि पूर्व विभाग सेन यांच्याकडे गेला.

मग काय घडले?

नोव्हेंबर १९६१ मध्ये सरकारने नेमके उलटे धोरण ठरवले : पुढे जाऊन चौक्या उभारायच्या. जून १९६२ मध्ये थागलाखाली ढोला चौकी बसली. २० ऑक्टोबरला तिथल्याच नामका चू नदीकाठी हल्ला झाला. उन्हाळी कपड्यांतले जवान, हाताशी मोजका दारूगोळा. काही दिवसांत तवांग गेले. महिनाभरात बोमदिलाही पडले, तेही थोरातांना अभिप्रेत असलेली तयारी तिथे कधीच न झाल्याने. २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी शस्त्रसंधी जाहीर केली. त्याच दिवशी यशवंतराव चव्हाणांनी संरक्षण खाते स्वीकारले.

युद्धकाळात नेहरूंनी थोरातांना बोलावून घेतले. १९५९ चे ते टिपण नेहरूंपर्यंत पोहोचलेच नव्हते, असे थोरातांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे. राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर त्यांना घेण्यात आले, थिमय्यांसोबतच. थोरात १९९२ मध्ये वारले. मॅकमहोन रेषेला चीनची मान्यता आजही नाही. डिसेंबर २०२२ मध्ये तवांगजवळच्या यांगत्सेत दोन्हीकडचे सैनिक पुन्हा भिडले होते.