कासवांचा कैवारी

थोर निसर्गशास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन यांचा जन्म १८०९ साली इंग्लंडमध्ये झाला. बालपणापासूनच त्यांना कीटक जमविण्याचा नाद होता. ‘बीगल’ जहाजातून प्रवास करीत १८३५ साली ते गॅलापागोस बेटांवर पोहोचले. माणसाला पाठीवर घेऊन चालणारी प्रचंड कासवे त्यांनी तेथे पाहिली. ही कासवे कित्येक महिने अन्नपाण्यावाचून जगत. म्हणून खलाशी ती जिवंतच जहाजात भरीत व वाटेत मारून खात. डार्विन यांनीही त्यांचे मांस खाल्ले.

अशा संहाराचा परिणाम भयंकर झाला. हिंदी महासागरातील मॉरिशस बेटावरील महाकाय कासवे समूळ नष्ट झाली. दूरच्या अल्डाब्रा बेटावर मात्र काही उरली होती. तेथे आता लाकूडतोड सुरू होणार, असे कळताच १८७४ साली काही शास्त्रज्ञांनी मॉरिशसच्या गव्हर्नराकडे कासवांच्या रक्षणासाठी अर्ज केला. त्या अर्जावर ६५ वर्षांच्या डार्विन यांचीही सही होती.

१८८२ साली डार्विन निवर्तले. पुढे बरोबर शंभर वर्षांनी, १९८२ साली, अल्डाब्रा जागतिक वारसा स्थळ ठरले. तेथे आज सुमारे एक लाख कासवे निर्भयपणे नांदत आहेत. मुक्या जीवांना वाचवावयाचे, तर त्यांची भूमी राखली पाहिजे, हेच यावरून दिसून येते.