डॉक्टर एस्मार्क व शोमरोन्याची झोळी

यरुशलेमेहून यरीहोस उतरणाऱ्या वाटेवर लुटारूंच्या हाती सापडलेल्या मनुष्याचा दाखला आपल्या मंडळ्यांतील लहान मुलांसही तोंडपाठ असतो. याजक व लेवी बाजूने निघून गेले, आणि ज्यास यहूदी लोक तुच्छ लेखीत असत तो शोमरोनी जवळ आला, हे आपण उपदेशपीठावरून पुष्कळदा ऐकिले आहे. परंतु त्या दाखल्यातील एका लहानशा गोष्टीकडे आपले लक्ष क्वचितच जाते. शोमरोन्याने त्या घायाळाच्या जखमांस तेल व द्राक्षारस लावून त्या बांधिल्या, असे लूककृत शुभवर्तमानाच्या १० व्या अध्यायात सांगितले आहे. हे तेल त्या ओसाड वाटेवर कोठून आले? ते त्याच्या प्रवासाच्या सामानात असले पाहिजे. म्हणजे घायाळ दृष्टीस पडण्यापूर्वीच ते त्याच्याजवळ होते. अंतःकरणात दया होती, आणि हाताशी सामानही होते. या शोमरोन्याचे नाव ज्यांनी आपल्या कार्यास दिले, त्या डॉक्टर फ्रेडरिक एस्मार्क यांचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

डेन्मार्क व जर्मनी यांच्या सीमेवर श्लेस्विग नावाचा प्रांत आहे. त्यातील ट्योनिंग या समुद्राजवळच्या लहान गावी ता. ९ जानेवारी १८२३ रोजी एस्मार्क यांचा जन्म झाला. त्या काळी हा प्रांत डॅनिश राजाच्या अंमलाखाली होता. त्यांचे वडील डॉक्टर होते. मुलाने तोच मार्ग धरिला. कील व ग्योटिंगेन येथील विद्यापीठांत अभ्यास करून १८४६ साली ते कील येथे लांगेनबेक या नामांकित शस्त्रवैद्यांचे साहाय्यक झाले.

दोनच वर्षांनी, १८४८ साली, प्रांतातील जर्मन लोक व डेन्मार्क यांच्यामध्ये युद्ध पेटले. पंचविशीतील हे तरुण डॉक्टर सैन्याबरोबर गेले, शत्रूच्या हाती सापडले, आणि काही काळ बंदिवासात राहून मग सुटले. पुढे १८५० साली ते स्ट्रोमेयर या थोर शस्त्रवैद्यांच्या हाताखाली पुन्हा रणभूमीवर होते. १८५७ साली कील विद्यापीठात ते शस्त्रवैद्यकाचे प्राध्यापक झाले. पण युद्धाने त्यांची पाठ सोडिली नाही. १८६४ साली डेन्मार्कशी, १८६६ साली ऑस्ट्रियाशी व १८७० साली फ्रान्सशी जी युद्धे झाली, त्या तिन्हींत घायाळांची व्यवस्था पाहण्याचे काम त्यांजकडे आले. कित्येकांचे अर्धे आयुष्य एका युद्धाच्या आठवणीने झाकोळते; यांनी तर एका पिढीची सारी युद्धे इस्पितळाच्या बाजूने पाहिली.

या सर्व अनुभवांतून एक गोष्ट त्यांच्या मनावर ठसली. शस्त्रवैद्य कितीही निष्णात असला तरी जखम होते त्या क्षणी तो तेथे नसतो. मोठी धमनी तुटली तर थोड्याच मिनिटांत मनुष्याचा प्राण जातो. त्यास इस्पितळात आणीपर्यंत डॉक्टरास करण्याजोगे काही उरत नाही. दुसऱ्या कित्येकांची जखम जीवघेणी नसे, परंतु कोणी तीवर मळके फडके बांधी, कोणी अस्वच्छ बोटे आत घाली, आणि मग पू होऊन, विष अंगात भिनून तो मनुष्य आठवड्यांनी मरे. स्कॉटलंडात काम करणाऱ्या जोसेफ लिस्टर यांनी १८६७ साली जंतुनाशक उपचारपद्धती प्रसिद्ध केली, ती एस्मार्क यांनी मनापासून स्वीकारिली. पहिले बंधन कोणी व कशाने बांधिले, यावर पुष्कळदा पुढील सर्व अवलंबून असते, असे त्यांचे ठाम मत झाले.

म्हणून १८६९ साली त्यांनी रणभूमीवरील पहिल्या बंधनाविषयी एक लहान पुस्तक प्रसिद्ध केले. प्रत्येक शिपायाने आपल्या अंगावर जखम बांधण्याचे स्वच्छ सामान लहान पुडीत बाळगावे, म्हणजे तो स्वतः अथवा त्याचा शेजारी ते तत्काळ वापरू शकेल, असा त्यातील विचार होता. या सामानात मुख्य होती ती तीन कोनांची पट्टी. लोझानच्या मायोर नामक स्विस शस्त्रवैद्यांनी अशा साध्या रुमालाचा उपयोग पूर्वीच सांगितला होता. एस्मार्क यांनी त्यात मोठ्या युक्तीची भर घातली. पट्टीच्या कापडावरच त्यांनी चित्रे छापविली. डोके कसे बांधावे, हात गळ्यात कसा अडकवावा, मांडीची, गुडघ्याची व पावलाची जखम कशी झाकावी, हे सर्व त्या कापडावर माणसांच्या आकृतींनी दाखविले होते. ज्यास अक्षर येत नाही त्यानेही पाहून बांधावे, असे ते साधन होते. आमच्या मते विद्वान मनुष्याची नम्रता ती हीच, की आपले ज्ञान त्याने अडाण्याच्या हातातील फडक्यावर उतरवून ठेवावे.

१८७३ साली त्यांनी रबराच्या लांब पट्टीचा उपयोग प्रसिद्ध केला. हातापायाच्या टोकापासून वर ती घट्ट गुंडाळीत गेले म्हणजे रक्त वर सरते, व मग वरच्या बाजूस आवळून बांधिले असता शस्त्रक्रिया जवळजवळ रक्ताविना होते. आजही शस्त्रवैद्य त्या पट्टीस एस्मार्क यांच्याच नावाने ओळखतात. पुढे त्यांनी विजारीचे असे ताणपट्टे काढिले, की जे एरवी विजार सावरीत व प्रसंगी काढून रक्त वाहणाऱ्या अवयवाभोवती आवळता येत. संकट सांगून येत नाही. म्हणून उपाय मनुष्याच्या अंगावरच असावा, हा त्यांचा कटाक्ष यातही दिसतो.

एवढ्यावर ते थांबले असते तर त्यांचे नाव वैद्यांच्याच ग्रंथांत राहिले असते. १८८१ साली ते लंडनास गेले. तेथे सेंट जॉन ॲम्ब्युलन्स या १८७७ साली स्थापन झालेल्या संस्थेचे वर्ग त्यांच्या पाहण्यात आले. पोलीस, कामकरी व गृहिणी यांस तेथे प्रथमोपचार शिकवीत असत. अपघात काही युद्धातच होत नाहीत. कारखान्यात, रेल्वेवर, शेतात व घरात ते रोज होतात. मायदेशी परतल्यावर १८८२ साली एस्मार्क यांनी कील येथे सामान्य लोकांसाठी तसेच वर्ग काढिले व एक मंडळ स्थापिले. त्या शाळेस व मंडळास त्यांनी शोमरोन्याचे नाव दिले, आणि जो कोणी तेथे शिकेल तोही शोमरोनी म्हणविला जाऊ लागला.

या कार्यास विरोध झाला, तो बहुधा त्यांच्याच धंद्यातील लोकांकडून. अर्धवट शिकलेले लोक वैदू बनतील व रोग्यांची हानी करितील, अशी पुष्कळ डॉक्टरांची तक्रार होती. ती अगदीच निराधार नव्हती. एस्मार्क यांनी तीस उत्तर दिले ते मर्यादा घालून. शोमरोन्याने डॉक्टर येईपर्यंतच काम करावे, त्यापुढे एक पाऊलही टाकू नये, आणि काय करू नये हेही त्याने तितक्याच काळजीने शिकावे, असा त्यांच्या शिक्षणाचा नियम होता.

त्यांच्या व्याख्यानांचे पुस्तक झाले व त्याची अनेक भाषांत भाषांतरे झाली. पहिली पत्नी निवर्तल्यावर १८७२ साली त्यांनी श्लेस्विग-होल्स्टाइनच्या राजघराण्यातील हेन्रिएट यांच्याशी विवाह केला होता. या बाईंची भावजय म्हणजे राणी व्हिक्टोरिया यांची कन्या हेलेना. त्यांनीच त्या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर केले. एकीकडे राजकन्या, तर दुसरीकडे सुतार! १८८८ साली बर्लिन शहरात, बांधकामावरील एका अपघातानंतर, सहा सुतारांनी पुढाकार घेऊन कामकऱ्यांसाठी प्रथमोपचाराचा वर्ग भरविला. त्यातून कामकऱ्यांचा जो शोमरोनी संघ उभा राहिला, तो जर्मनीत आजही सेवा करीत आहे.

१८८७ साली एस्मार्क यांस सरदारकी मिळाली. ता. २३ फेब्रुवारी १९०८ रोजी, पंच्याऐंशी वर्षांचे होऊन, कील येथे त्यांचा अंत झाला.

प्रिय वाचकहो, हे चरित्र परदेशचे खरे, पण आपल्या गावांस ते परके नाही. कोयत्याने पाय तुटतो, मळणीयंत्रात अथवा कडबाकुट्टीत हात जातो, मोटरसायकल वळणावर घसरते. भोवती माणसे जमतात, हळहळतात. पण स्वच्छ फडके कोणाजवळ नसते. मग कोणी हळद, कोणी राख, कोणी माती, तर कोणी शेणही जखमेवर थापतो, आणि त्याबरोबर धनुर्वातास आमंत्रण देतो. दयेची आपणांत वाण नाही. वाण आहे ती झोळीची.

म्हणून आमची सूचना अशी. प्रत्येक उपदेशकाच्या घरी व प्रत्येक प्रार्थनामंदिरात झाकणाचा एक डबा असावा. त्यात रबरी हातमोजे, जाळीदार कापडाच्या निर्जंतुक घड्या, गुंडाळण्याच्या पट्ट्या, चिकटपट्टी, कात्री, विजेरी, पेन व एक जाड चादर ठेवावी. तीन कोनांच्या पट्ट्या घरीच करिता येतात: सुमारे एक मीटर लांबीरुंदीचे सुती कापड धुऊन, उन्हात वाळवून, कोनातून कोनात कापिले म्हणजे दोन पट्ट्या होतात. रक्त थांबविण्यासाठी अवयवाभोवती आवळण्याची, पिळण्याच्या दांडीसह तयार मिळणारी रुंद पट्टीही घ्यावी. डब्यास कुलूप लावू नये. तो कोठे आहे हे मंडळीतील मुलांसही ठाऊक असावे. आणि दर तीन महिन्यांनी उघडून सरलेली वस्तू भरावी.

आता उपयोगाची रीत. रक्त जोराने वाहत असेल तर प्रथम कोणाकडून तरी १०८ क्रमांकास दूरध्वनी करवावा. महाराष्ट्रात २०१४ सालापासून ही रुग्णवाहिकेची सेवा चालू आहे. हातमोजे घालून जखमेवर स्वच्छ कापड ठेवावे व दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरावे. थांबले की नाही हे पाहण्यासाठी ते वारंवार उचलू नये. जखमेत लोखंड किंवा लाकूड रुतले असेल तर उपटू नये, त्याच्या दोन्ही बाजूंस दाबावे. हातापायाचे रक्त दाबूनही थांबत नसेल तर आवळण्याची पट्टी जखमेच्या वर चार बोटे, सांधा सोडून बांधावी व रक्त थांबेपर्यंत पिळावी. बांधल्याची वेळ लिहून ठेवावी, आणि ती पट्टी डॉक्टरांवाचून कोणी सैल करू नये. दोरी अथवा तार यांनी मांस कापते, म्हणून ती वापरू नयेत. सर्पदंश झाला असता मात्र काहीही आवळून बांधू नये; तेथे तो अवयव हलू न देता रोग्यास त्वरित इस्पितळात न्यावे. या गोष्टी वाचून पुऱ्या येत नाहीत. म्हणून जवळच्या इस्पितळातील परिचारिकेस बोलावून मंडळीने एक दिवस हातांनी सराव करावा.

कित्येक जण पोलिसांच्या चौकशीच्या भयाने रस्त्यावरील घायाळास हात लावीत नाहीत. त्यांनी हे जाणावे, की २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम घालण्यात आले आहे. अपघातात सद्भावनेने मदत करणाऱ्यास त्याने संरक्षण दिले असून त्यास आपले नाव सांगण्याचीही सक्ती करिता येत नाही. त्या कलमात अशा मनुष्यास भला शोमरोनी हेच नाव दिले आहे! आपल्या प्रभूच्या दाखल्यातील परका मनुष्य या देशाच्या कायद्यात येऊन बसला, आणि आपण मात्र बाजूने निघून जावे काय?

आणखी एक. या देशात मनुष्याने मनुष्यास शिवण्यापूर्वी त्याची जात विचारण्याची रीत फार जुनी आहे, आणि आपल्या मंडळ्यांतील पुष्कळांच्या वाडवडिलांनी तिचे दुःख सोसले आहे. वाटेवर पडलेला घायाळ कदाचित त्याच घरातील असेल, की ज्याने आपल्या आजोबांस पाण्यापासून दूर ठेविले. त्या वेळी आपण डबा उघडून त्याची जखम बांधिली, तर ज्या शेजाऱ्याविषयी प्रभूने सांगितले तो शेजारी कोण, हे गावास उपदेशावाचून कळेल. तो प्रसंग येईल तेव्हा झोळी भरण्यास वेळ मिळणार नाही. ती आजच भरून ठेवावी.