परदेशातील चूल आणि आनंदीबाई

घिवली, तारापूर, बोईसर या पट्ट्यातील एखादा तरुण परदेशी नोकरीस निघाला म्हणजे आपण त्याच्या हाती नारळ देतो, गळ्यात हार घालतो. तो सुखरूप पोहोचल्याची वार्ता आली की आपली काळजी मिटते. वस्तुतः त्याची खरी कसोटी तेथूनच सुरू होते. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत हा भाग ज्या ठाणे जिल्ह्यात होता, त्याच जिल्ह्यातील कल्याणची एक मुलगी एकशेचाळीस वर्षांपूर्वी या कसोटीस उतरली. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीचा आपण पुष्कळ गौरव केला. त्यांच्या तेथील दिनक्रमाकडे मात्र फारसे पाहिले नाही.

१८६५ साली जन्मलेल्या यमूचा विवाह नवव्या वर्षी टपाल खात्यातील कारकून गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत दगावले आणि वैद्यक शिकण्याचा निश्चय त्या दुःखातून दृढ झाला. गोपाळरावांचे एक पत्र अमेरिकेतील नियतकालिकात छापले गेले होते. ते वाचून न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी पत्रव्यवहार सुरू केला. १८८३ च्या एप्रिलमध्ये आनंदीबाई पतीवाचून कलकत्त्याहून निघाल्या. वय अवघे अठरा. हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परतेन, असे वचन त्या समाजास जाहीरपणे देऊन गेल्या होत्या.

त्या वचनाची किंमत रोजच्या जगण्यात मोजावी लागली. कार्पेंटरबाई त्यांच्या मावशी झाल्या, रोझेलला मायेचे घर मिळाले. परंतु फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्यावर एकटीचा संसार सुरू झाला. शाकाहार सोडावयाचा नाही, म्हणून अभ्यास सांभाळून स्वतःच रांधणे आले. खोलीतील शेकोटी नीट पेटत नसे. धूर सोसावा, नाहीतर थंडी. नऊवारीत पाय उघडे पडत, म्हणून विचारांती त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्याचा मार्ग काढला. काय बदलावे व काय राखावे, याचा निवाडा ही मुलगी परक्या शहरात एकटीने करीत होती. घरून येणाऱ्या पत्रांत मात्र जिव्हाळ्याबरोबर संशय आणि दटावणीही असे.

११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूकही झाली. पण क्षयाने ग्रासलेले शरीर साथ देईना. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात, बावीस वर्षे पूर्ण होण्याआधीच, त्यांचा अंत झाला. क्षयाच्या जंतूचा शोध १८८२ मध्ये लागला होता, औषध मात्र नव्हते. त्यांच्या अस्थी मावशीकडे अमेरिकेस पाठविण्यात आल्या व पोकिप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या.

परदेशी गेलेल्याने कर्तृत्व गाजवावे, पैसा पाठवावा आणि तरीही तसूभर बदलू नये, अशी आपली अपेक्षा आजही असते. हे ओझे वाहणाऱ्याच्या चुलीची चौकशी आपण करीत नाही. घरच्यांनी पगाराचा आकडा विचारण्यापूर्वी, जेवलास काय, खोली कशी आहे, सोबतीला कोण आहे, एवढे विचारावे. तेथे रुळण्यासाठी तो काही बदलला, तर त्याला आपला म्हणण्याइतके मन मोठे ठेवावे.