कॉरोनेशनचा हरिश्चंद्र

आमच्या आगरदांड्याला थिएटर नाही. सिनेमाची पहिली ओळख मला आजोबांच्या गप्पांतून झाली. तरुणपणी ते मुंबईला गेले आणि गिरगावातल्या एका खानावळीत ताटे घाशीत राहिले. सुट्टीच्या दिवशी पडद्याजवळचे स्वस्त तिकीट काढायचे, एवढीच त्यांची चैन! गेल्या मे महिन्यात त्यांना घेऊन मी गिरगावात गेलो. मला कॉरोनेशन सिनेमाची जागा पाहायची होती. सँढर्स्ट रोडला आता सरदार वल्लभभाई पटेल मार्ग म्हणतात. तिथे चार-पाच दुकानदारांना विचारले. कुणाला नावसुद्धा ठाऊक नव्हते. कॉरोनेशन केव्हाच नाहीसे झाले आहे. पण त्याच्याशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, त्या दादासाहेब फाळक्यांची कथा सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. गोध्र्याला त्यांनी छायाचित्रकाराचा धंदा थाटला. तिथे प्लेगने पहिली पत्नी आणि मूल हिरावून नेले. नंतर पुरातत्त्व खात्यातली नोकरी झाली, छापखाना झाला, भागीदारांशी बेबनावही झाला. वयाची चाळिशी उलटली तरी पाय स्थिर नव्हते.

१९११ साली गिरगावातच त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि त्यांना ध्यासच लागला. आपले राम-कृष्ण पडद्यावर का दिसू नयेत? रात्रंदिवस प्रयोग करून डोळे जवळजवळ गेले, ते उपचारांनी परत आले. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून १९१२ साली ते लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन परतले. कुंडीतल्या वेलाचे रोज थोडे थोडे चित्रण करून त्यांनी रोपाची वाढ पडद्यावर दाखवली, तेव्हा कुठे पैसा उभा राहिला. तोही पुरेना, तेव्हा सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले.

या माउलीने आणखी काय नाही केले! सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करायचा आणि तो आटोपल्यावर अंधाऱ्या खोलीत फिल्मला भोके पाडायची, ती धुवायची. तारामतीच्या भूमिकेला स्त्री मिळेना. वेश्यासुद्धा नकार देऊन गेल्या! शेवटी ग्रँट रोडवरच्या एका हॉटेलात काम करणारा अण्णा साळुंके तारामती झाला. हे आजोबांना सांगितले तेव्हा ते कितीतरी वेळ हसत होते. खानावळीतला पोरगा राणी झाला, याचा त्यांना कोण आनंद!

‘राजा हरिश्चंद्र’चा खास खेळ २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया थिएटरात झाला. कॉरोनेशनच्या नानासाहेब चित्र्यांनी चित्रपट आपल्या थिएटरात लावला आणि ३ मे १९१३ पासून तो सर्वांसाठी खुला झाला. सोबत नाच होता, कसरतीचे खेळ होते. नुसत्या चित्रपटावर लोक येतील असा भरवसा अजून नव्हता. पण लोक आले, आणि येतच राहिले!

पुढे १९१७ साली ‘लंकादहन’ने पैशांचा पाऊस पाडला. त्यात साळुंक्यांनी राम आणि सीता दोघेही रंगवले. १९१८ साली नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. ‘कालियामर्दन’मध्ये लेक मंदाकिनी कृष्ण झाली. पण भागीदारांशी पटेना. मग बोलपट आले, आणि मूकपटांचा हा किमयागार मागे पडला. १९३७चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते गेले, तेव्हा चित्रसृष्टी त्यांना जवळजवळ विसरली होती. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ साली सुरू झाला.

थिएटर गेले, बरीचशी रिळे गेली. मग उरले काय? मित्रहो, मी आमच्या घरातला पहिला कॉलेजात जाणारा. माझ्या पहिल्या वर्षाच्या फीसाठी आईने हातातल्या बांगड्या गहाण टाकल्या; त्या अजून सुटलेल्या नाहीत. त्या दिवशी गिरगावातल्या गर्दीत उभा असताना मला दादासाहेबांपेक्षा सरस्वतीबाईच अधिक आठवल्या. इतिहासात नाव एकाचे लागते, गहाण मात्र दुसऱ्याचे पडते.

परत येताना आजोबांनी विचारले, थिएटर सापडले का? मी नाही म्हणालो. पण बांगड्या सोडवायच्या आहेत, हे मात्र मनाशी पक्के झाले होते.